काळ्या दगडावरची रेघ : खडकांचे कायिक आणि रासायनिक विदारण



एखादी गोष्ट त्रिकाळ बदलणार नाही असे सांगावयाचे असले, की मराठी माणूस तिला ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. तांबड्या किंवा पांढऱ्या दगडावरची रेघ असे कोणी म्हणत नाही. हा वाक्प्रचार ज्या प्रदेशात रुजला, त्या प्रदेशाच्या पोटात बहुतेक सर्वत्र काळा दगडच आहे. लेणी त्यातच कोरली गेली, गडांचे बुरूज त्याचेच उभे राहिले आणि जात्यापाट्यापासून उंबरठ्यापर्यंतचा घरसंसारही त्याच्यावरच चालला. टाकीला सहजासहजी दाद न देणारा हा दगड चिरंतनाचे प्रतीक ठरावा, यात नवल नाही. भूशास्त्राचा निर्वाळा मात्र निराळा आहे. घणाला न जुमानणारा हा दगड पाण्यापुढे पुष्कळ लवकर हार खातो. कठीण असणे ही एक गोष्ट आणि टिकाऊ असणे ही दुसरी. या दोहोंतील अंतर समजून घ्यावयाचे, तर खडकांच्या विदारणाचे जे दोन मुख्य प्रकार मानले जातात, त्यांतील भेद नीट पाहावा लागतो. शंभर वर्षे कागदावरची अक्षरे सांभाळणाऱ्या संस्थेच्या उत्सवात दगडावरच्या अक्षरांचे काय होते याचा विचार व्हावा, हे अप्रस्तुत ठरू नये.

विदारण या शब्दाची मर्यादा प्रथम सांगितली पाहिजे. ऊन, पाऊस, हवा आणि झाडझाडोरा यांच्या संगतीत खडक जागच्या जागी ढिला होतो, तुटतो किंवा बदलतो, त्या क्रियेला विदारण म्हणावयाचे. सुटलेला माल नदी, वारा किंवा हिमनदी उचलून नेते, ते क्षरण. घर पडणे आणि मग मलबा उचलला जाणे यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे. शालेय पुस्तके विदारणाचे कायिक, रासायनिक आणि जैविक असे तीन प्रकार देतात. त्यातला तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने स्वतंत्र नव्हे. वडा-पिंपळाचे मूळ फटीत शिरून दगड फोडते तेव्हा ते पाचरीचेच काम करते. दगडावर वाढणारे दगडफूल आपल्या आम्लाने त्यातील खनिजे विरघळवते तेव्हा ते रसायनाचेच काम करते. कर्ता सजीव असला, तरी क्रिया दोनच आहेत.

त्या दोन क्रिया मराठीतल्या दोन साध्या क्रियापदांनी सांगता येतात. कायिक विदारणात दगड फुटतो. रासायनिक विदारणात दगड कुजतो. ओंडक्यावर कुऱ्हाड चालवली तर त्याच्या ढलप्या होतात, पण प्रत्येक ढलपी लाकूडच राहते. तोच ओंडका चार पावसाळे ओल्या जमिनीवर पडून राहिला, तर शेवटी जे हाती येते ते लाकूड नसते. फुटलेल्या दगडाचे आकारमान बदलते, घटक बदलत नाहीत. कुजलेल्या दगडाचे घटकच पालटतात. काही पाण्याबरोबर निघून जातात, काही नवी रूपे घेतात, आणि बाहेरून आकार तसाच राहिला तरी आतला दगड संपलेला असतो. शेवटची ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फुटलेला दगड डोळ्यांना दिसतो, पण कुजलेला कित्येकदा दिसत नाही. हातोडीच्या आवाजावरून तो कळतो.

फुटण्याची कारणे पुष्कळ आहेत. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. लडाखसारख्या प्रदेशात दिवसा फटीत शिरलेले पाणी रात्री गोठते आणि पाचर ठोकल्यासारखी फट रुंदावते. कड्यांच्या पायथ्याशी अणकुचीदार दगडांचे ढीग पडलेले दिसतात ते बव्हंशी या खटाटोपाचे फळ. आपल्याकडे बर्फाचे हे काम नाही, पण मिठाचे आहे. समुद्रकाठच्या भिंतीत खारे पाणी शोषले जाते, पाणी वाळते आणि मिठाचे स्फटिक दगडाच्या रंध्रांत वाढू लागतात. वाढत्या स्फटिकाला जागा हवी असते. ती तो दगडाचे कण एकमेकांपासून लोटून मिळवतो. मिठाने दगड खाल्ला असे कोकणात म्हणतात, तेव्हा तेथे रसायनापेक्षा या ढकलाढकलीचा भाग मोठा असतो. तिसरे कारण दाब उतरण्याचे. जमिनीखाली मैलोगणती खोल घडलेला ग्रॅनाइट वरचे ओझे झिजून गेल्यावर किंचित फुगतो आणि पृष्ठभागाला समांतर अशा जाड पापुद्र्यांनी सुटतो.

ऊन आणि थंडी यांचे काय? दिवसा तापून प्रसरण पावणारा आणि रात्री आक्रसणारा दगड कालांतराने थकून फुटतो, ही समजूत फार जुनी, आणि ती पुस्तकांतून अजूनही पहिल्या क्रमांकावर असते. १९३६ साली डेव्हिड ग्रिग्ज या अमेरिकन संशोधकाने तिची परीक्षा घेतली. गुळगुळीत केलेला ग्रॅनाइटचा तुकडा त्याने ८९,४०० वेळा आळीपाळीने तापवला आणि थंड केला. प्रत्येक फेरीत सुमारे ११० अंश सेल्सिअसचा फरक. दररोज एक फेरी धरली, तर ही २४४ वर्षांची उन्हे-थंडी झाली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा दगडावर ओरखडाही नव्हता. मग त्याने एवढाच बदल केला की कोरड्या हवेऐवजी पाण्याच्या तुषारांनी दगड थंड करावयाचा. थोड्याच अवधीत दगडाची झिलई गेली आणि भेगा दिसू लागल्या.

या प्रयोगावर पुढे आक्षेप निघाले. तुकडा लहान होता, मोकळा होता. डोंगरातला खडक चोहोबाजूंनी आवळलेला असतो आणि त्याला हातपाय पसरावयास जागा नसते. वाळवंटातील दगडांच्या भेगा सूर्याच्या वाटचालीशी जुळतात असेही अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. उन्हाला अगदी निर्दोष ठरवणे त्यामुळे बरोबर नाही. पण ग्रिग्जच्या प्रयोगाचा मुख्य धडा कायम आहे. जे केवळ कायिक वाटते, त्याच्या मागे पुष्कळदा पाणी उभे असते. आणि पाणी आले की रसायन आलेच.

पावसाचे पाणी शुद्ध पाणी नसते. हवेतून येताना ते कार्बन डायऑक्साइड घेऊन येते आणि सौम्य आम्ल बनते. जमिनीत मुरताना, मुळांच्या आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्याच्या सहवासात, ते आणखी आम्लधर्मी होते. चुनखडक या पाण्यात सरळ विरघळतो, एवढे सांगून पुढे जाण्यास हरकत नाही. खरी गुंतागुंत आहे ती आपल्या काळ्या दगडाची. या असिताश्मात मुख्यत्वे फेल्स्पार आणि पायरोक्सीन ही खनिजे असतात, जोडीला लोहाचे कण आणि कधी ऑलिव्हीन. आम्लधर्मी पाणी फेल्स्पारमधील चुना आणि सोडा काढून नेते. मागे राहते ती चिकणमाती. पायरोक्सीन आणि ऑलिव्हीन यांतले लोह हवेतील प्राणवायूशी संयोग पावून गंजते; दगडाला तांबूस-पिवळा वर्ण येतो. भट्टीत तावून निघालेल्या दगडाची अशा रीतीने पाण्याच्या सान्निध्यात माती होते.

कोणते खनिज आधी कुजते आणि कोणते मागाहून, याचा क्रम एस. एस. गोल्डिच याने १९३८ साली मांडला. तो मोठा मजेदार आहे. वितळलेल्या शिलारसातून जे खनिज सर्वांत जास्त उष्णतेत, सर्वांत आधी घट्ट होते, तेच जमिनीवर आल्यावर सर्वांत आधी कुजते. ऑलिव्हीन, पायरोक्सीन आणि चुनायुक्त फेल्स्पार ही या पंगतीत अगदी पुढे बसलेली; गारगोटीचे खनिज, म्हणजे क्वॉर्ट्‌झ, अगदी शेवटी. ज्या परिस्थितीत जन्म झाला तिच्यापासून जितके दूर यावे, तितके टिकणे अवघड. आपल्या काळ्या दगडात पंक्तीच्या आरंभीचीच मंडळी आहेत. शेवटच्या क्वॉर्ट्‌झला त्यात जवळजवळ स्थान नाही. काळ्या दगडावरची रेघ टाकीला कठीण आणि पाण्याला सोपी का, याचे उत्तर येथे मिळते.

विहीर खणणाऱ्याला हे शास्त्राच्या आधीपासून ठाऊक आहे. वर माती लागते, खाली मुरूम, त्याखाली कुदळीने निघणारा कच्चा दगड, आणि मग सुरुंगावाचून न हलणारा काळाकभिन्न पाषाण. ही चार निरनिराळ्या वस्तूंची उतरंड नव्हे. एकाच दगडाच्या चार अवस्था आहेत. घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडीत कधी कधी कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, उन्हाने साले सुटली. पण ते काम बव्हंशी रसायनाचे आहे. खडकात उभ्याआडव्या सांध्यांनी चौकोनी ठोकळे पडलेले असतात. सांध्यांतून मुरणारे पाणी ठोकळ्याच्या सपाट बाजूवर एका दिशेने, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी हल्ला करते. साहजिकच कोपरे आधी कुजतात आणि चौकोनी ठोकळ्यातून गोल गाभा निघतो. ग्रॅनाइटचे दाब उतरल्याने सुटणारे पापुद्रे आणि काळ्या दगडाचे हे कांद्याचे पापुद्रे दिसावयास सारखे, पण कुळे वेगळी. केवळ रूपावरून निदान करू जाणारा येथे फसतो.

फुटणे आणि कुजणे ही परस्परांची स्पर्धक नाहीत, हे एका साध्या हिशोबाने दिसते. एक मीटर बाजूचा दगडी घन घेतला, तर त्याचा हवा-पाण्याला उघडा पृष्ठभाग ६ चौरस मीटर असतो. त्याचे १० सेंटिमीटर बाजूचे एक हजार तुकडे केले, की तो ६० चौरस मीटर होतो. एक सेंटिमीटरचे तुकडे केले तर ६००. दगड तेवढाच, पण पाण्याला चढाई करण्यास शंभरपट जागा मिळाली. फुटणे हे कुजण्याला वाट करून देते आणि कुजलेला, ढिला झालेला दगड पुन्हा अधिक सहज फुटतो. हा हिशोब आता व्यवहारातही उतरू लागला आहे. दगड कुजताना हवेतील कार्बन डायऑक्साइड बांधला जातो. म्हणून काळ्या दगडाची बारीक भुकटी शेतात पसरून हे कुजणे वेगाने घडवावयाचे प्रयोग चालू आहेत. भारतातील लहान शेतकऱ्यांच्या शेतांत असे काम करणाऱ्या ‘माती कार्बन’ या संस्थेला २०२५ साली एक्सप्राइझ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे पहिले पारितोषिक मिळाले. त्यातून वातावरणाचा ताप किती उतरेल हे काळ ठरवील; पण भुकटी करणे हे कायिक आणि पुढचे सारे रासायनिक, ही विभागणी तेथे आयतीच पाहावयास मिळते.

बेळगाव हे या विषयाच्या अभ्यासाला फार सोयीचे गाव आहे, कारण ते दगडांच्या तिठ्यावर वसले आहे. पश्चिमेस आणि उत्तरेस सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड, पायाखाली तांबडा जांभा आणि पूर्वेस गोकाक-बदामीकडचा त्याहून कितीतरी प्राचीन असा वालुकाश्म. प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

काळा दगड पश्चिमेला आंबोलीपासून पूर्वेला अथणीपर्यंत सापडतो. सरळ रेषेत हे अंतर दीडशे किलोमीटरांच्या आतले. आंबोलीला वर्षाकाठी सहा-सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो, अथणीला पाचसहाशे. एकाच दगडाची या दोन ठिकाणी दोन वेगळी रूपे होतात. अथणी-बैलहोंगलकडे पाऊस बेताचा असल्यामुळे दगडातून सुटलेला चुना, मॅग्नेशियम आणि सिलिका पुरते वाहून जात नाहीत. त्यांतून भिजली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी चिकणमाती बनते. तीच काळी जमीन. ती ज्वारी-कापसाला उत्तम आणि घराच्या पायाला घातक. भिंतीला तिरकी भेग गेली की लोक गवंड्याला दोष देतात. वस्तुतः रासायनिक विदारणाने जन्मलेली माती तेथे कायिक फोडाफोडी करीत असते. पश्चिमेकडे उलट स्थिती. तेथे पावसाने लक्षावधी वर्षे दगड धुऊन काढला. चुना गेला, सोडा गेला, सिलिकाही गेली; मागे राहिले ते पाण्याला न जुमानणारे लोह आणि ॲल्युमिनियम यांचे ऑक्साइड. त्यांचाच हा जांभा.

जांभ्याला इंग्रजीत जे नाव आहे, ते फ्रान्सिस बुकानन याने दिले. मलबारात अंगाडिपुरमच्या परिसरात लोक मऊ तांबडा दगड जमिनीतून विटांसारखा कापून काढतात आणि उघड्या हवेत तो कठीण होतो, हे पाहून त्याने विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ हा शब्द घडवला; त्याचा प्रवासग्रंथ १८०७ साली प्रसिद्ध झाला. कोकण-गोव्यातल्या चिरेखाणीवर काम करणाऱ्यांना ही गोष्ट नवी नव्हती, हे सांगावयास नकोच. जेथे लोहही बरेच निघून गेले आणि ॲल्युमिनियम उरले, तेथे बॉक्साइट तयार झाले. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडीच्या पठारावरच्या खाणी त्यासाठीच प्रसिद्ध आहेत आणि बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याचा कच्चा माल म्हणजे असे बॉक्साइटच. कुजण्याला आपण नाश समजतो. येथे कुजण्याने एक नवा दगड आणि एक धातूचे खनिज निर्माण केले आहे. काळ्या दगडाच्या थरांतही सारखेपणा नाही. घट्ट थर कडा होऊन उभा राहतो आणि फुग्याफुग्यांचा, पोकळ्या असलेला थर लवकर कुजून उतार होतो. सह्याद्रीच्या पायऱ्या आणि गडांच्या माच्या या भेदातून आकाराला आल्या.

पूर्वेकडचा वालुकाश्म म्हणजे क्वॉर्ट्‌झच्या कणांची घट्ट बांधणी. क्वॉर्ट्‌झ कुजत नाही म्हटले तरी चालेल. म्हणूनच गोकाकच्या धबधब्याची कड अजून ताठ उभी आहे. तेथे दगड सांध्यांसांध्यांतून चौकोनी फोडींनी निखळतो, त्याचा मुरूम होत नाही. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इ. स. ५७८ चा लेख आहे. छताखालचा, कोरड्या प्रदेशातला आणि क्वॉर्ट्‌झबहुल दगडातला तो लेख. त्याचे दीर्घायुष्य या तिन्ही गोष्टींचे आहे. पण वालुकाश्माचाही एक दुबळा बिंदू असतो: कणांना बांधणारे द्रव्य. ते सुटले की दगड वाळूसारखा झडतो. हंपीचे ग्रॅनाइटचे धोंडे ही आणखी एक गंमत. वाली-सुग्रीवांच्या युद्धात भिरकावलेल्या त्या शिळा आहेत, असे लोक सांगतात. भूशास्त्र सांगते की जमिनीखाली असताना सांध्यांभोवतीचा ग्रॅनाइट कुजला, पुढे कुजलेला भाग वाहून गेला आणि न कुजलेले गाभे एकमेकांवर रचल्यासारखे उघडे पडले. कथा अधिक रंगतदार आहे हे मान्य करूनही, दुसरे स्पष्टीकरणही काही कमी अद्भुत नाही.

हा सारा भेद परीक्षेत लिहिण्यापुरता असता, तर त्यावर एवढा वेळ घेण्याचे कारण नव्हते. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत त्याचा खरा कस लागतो. फुटण्याचा आणि कुजण्याचा उपाय एक नाही, आणि कोणत्या दगडाला कशाचे भय आहे हे न ओळखता केलेली दुरुस्ती रोगापेक्षा वाईट ठरते. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १६०५ साली पूर्ण झालेली ही वास्तू जांभ्याची. तिला बाहेरून चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकात, पोर्तुगीज अमदानीतच, तो काढून टाकण्यात आला, वास्तूला अधिक प्राचीन रूप यावे म्हणून. तेव्हापासून तांबडी भिंत गोव्याच्या पावसाला उघडी आहे. जांभा रासायनिक दृष्ट्या जवळजवळ पूर्ण झालेला दगड. त्याचे जे कुजावयाचे ते केव्हाच कुजून गेले आहे. पण तो सच्छिद्र आहे आणि त्याच्या पोकळ्यांत मऊ माती भरलेली असते. उघड्या भिंतीवर पाऊस ती माती धुऊन काढतो, कडक कवच पोकळ होऊन ढासळते, फटींत झाडे रुजतात. त्याला भय आहे ते कायिक विदारणाचे. बांधणाऱ्यांनी दिलेला चुना हा शृंगार नसून छत्री होती. गिलावा पुन्हा द्यावा, अशी मागणी संवर्धनाच्या जाणकारांकडून होत आली आहे. आज जे रूप पर्यटकांच्या छायाचित्रांतून सर्वपरिचित झाले आहे, त्याच्या मोहाने ती लांबणीवर टाकणे शहाणपणाचे नाही.

गिलावा द्यावयाचा तर चुन्याचाच, सिमेंटचा नव्हे. सिमेंट दगडापेक्षा घट्ट आणि कमी सच्छिद्र असते. भिंतीत शिरलेले पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग ते दगडातून बाहेर पडते, आणि सिमेंटमधले क्षार दगडाच्या रंध्रांत नेऊन तेथे त्यांचे स्फटिक बनवते. काही वर्षांनी सिमेंटची चौकट शाबूत आणि आतला दगड खोलगट, असे विचित्र दृश्य पुष्कळ जीर्णोद्धारित देवळांत दिसते. चुना दगडापेक्षा मऊ. तो स्वतः झिजतो आणि दगडाला वाचवतो. पुन्हा लावता येतो. लोखंडी पट्ट्यांचेही असेच. अथेन्सच्या पार्थेनॉनच्या दुरुस्तीत विसाव्या शतकाच्या आरंभी शिसे न ओतता लोखंडी पट्ट्या घातल्या गेल्या. त्या गंजल्या, गंज लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, आणि संगमरवर तडकला. पुढे त्या काढून टायटॅनियमच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. गंजणे रासायनिक, तडकणे कायिक. घराच्या स्लॅबचे पोपडे पडून सळ्या उघड्या पडतात, तेथेही हेच घडलेले असते.

अक्षरांकडे वळून हा विषय पुरा करता येईल. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली मराठी अक्षरे ग्रॅनाइटमध्ये आहेत आणि ती आजही वाचता येतात. रायगड जिल्ह्यातील अक्षीचा शिलालेख समुद्राजवळ, दीर्घ काळ रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभा होता. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला. पण अक्षरे इतकी झिजलेली आहेत की या वाचनाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मराठीच्या लेखनाचा आरंभ केव्हा, या प्रश्नाचा एक धागा दगडाच्या त्या वरच्या पापुद्र्यात अडकलेला आहे.

बेळगाव, खानापूर, चंदगड या भागांत गावोगाव वीरगळ आणि सतीशिळा उभ्या आहेत. काहींवर अक्षरे आहेत, कित्येकांवर होती. त्या कशाने जात आहेत हे साध्या निरीक्षणाने पुष्कळसे ओळखता येते. एखादे अक्षर ताजे, धारदार आणि त्याच्या शेजारी तळहाताएवढी जागा कोरी, असे असेल तर तेथून पापुद्रा सुटला आहे, फुटण्याचे काम. सगळीच अक्षरे सारखी उथळ, गुळगुळीत, बोटांना जाणवणारी पण डोळ्यांना न दिसणारी झाली असतील, तर दगड कुजत आहे. क्षारांनी कणाकणाने झडणारा दगड या दोहोंच्या मधला. त्यावर बोट फिरवले की बोटाला भुकटी लागते. पहिल्या प्रकारात पाणी फटींत शिरणार नाही आणि झाडाचे मूळ रुजणार नाही एवढे पाहावे. दुसऱ्या प्रकारात शिळेवर साधे छप्पर आणि पायाशी पाणी न साचू देणे, यापलीकडे फारसे करण्यासारखे नसते. दोन्ही प्रकारांत आम्लाने घासणे, ऑइलपेंट देणे आणि सिमेंटच्या कट्ट्यात शिळा चिणून टाकणे हे वर्ज्य. भक्तिभावाने होणाऱ्या या गोष्टींनी शतकांच्या पावसापेक्षा अधिक अक्षरे पुसली आहेत, असे खेदाने म्हणावे लागते.

जे वाचवता येत नाही, त्याची नोंद ठेवता येते. ओला कागद शिळेवर बसवून, कुंचल्याने ठोकून अक्षरांच्या खोलगट भागांत दाबला जातो आणि वरून शाईचा बोळा फिरवला की काळ्या कागदावर पांढरी अक्षरे उमटतात. हा ठसा त्या दिवशी दगड कसा होता ते सांगतो. वाचनालयाच्या कपाटात असे ठसे तारीख-गावासह जपून ठेवले आणि पंचवीस वर्षांनी त्याच शिळेचा दुसरा ठसा घेऊन शेजारी मांडला, तर मधल्या काळात कोणते अक्षर पापुद्र्याबरोबर गेले आणि कोणते जागच्या जागी विरघळले, हे दोन कागदांच्या तुलनेत स्पष्ट दिसेल. या परिसरातल्या किती शिळांचा पहिला ठसाच अजून घ्यावयाचा राहिला आहे, याची यादी करण्यापासून या कामाला आरंभ करता येईल.